शेवटची वीस मिनिटं

जुन्या फुटबॉल सामन्याचा सगळा तपशील एका ओळीत मावतो. गोल करणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे मिनिट. ३१ जुलै १९४८ रोजी लंडनच्या पूर्वेला, इलफर्डमधल्या क्रिकलफील्ड मैदानावर स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमधला आपला पहिला सामना खेळला. समोर फ्रान्स. त्या सामन्याची ओळ अशी: कुर्बां ३०, रामन ७०, पर्सियों ८९. आपण १-२ असे हरलो. दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या, त्यातली एक तर शैलेन मन्नांची, ज्यांच्या फ्री-किकची देशभर ख्याती होती. या सामन्याबद्दल बोलताना लोक त्या पेनल्टींवर हळहळतात, नाहीतर आपल्या खेळाडूंच्या अनवाणी पायांचं कौतुक करतात. मला मात्र त्या ओळीतला मधला आकडा सोडत नाही. सत्तर. आपल्याकडे तेव्हा सामने सत्तर मिनिटांचे असत. पस्तीस, मध्यंतर, पुन्हा पस्तीस. सारंगपाणी रामनने चेंडू जाळ्यात घातला त्या घटकेला सामना कोलकात्यात किंवा मुंबईत चालू असता तर रेफरीने शिट्टी तोंडाशी नेली असती आणि १-१ वर खेळ संपला असता. इलफर्डला अजून वीस मिनिटं उरली होती. त्यातली अठरा आपण काढली.

एकोणिसाव्या मिनिटाला पर्सियों.

सत्तर आणि नव्वद यांच्यात कागदावर वीसचाच फरक, पण पायांचा हिशेब वेगळा असतो. पस्तीस मिनिटांनी विश्रांती मिळणार हे शरीराला ठाऊक असलं की ते पहिल्यापासून मोकळं धावतं, कारण मागे काही राखून ठेवायची गरज नसते. ज्याला पंचेचाळीस मिनिटं धावायचं आहे त्याला पहिल्या अर्ध्या तासातच हात आखडता घ्यावा लागतो. नव्वद मिनिटांच्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू दहा-अकरा किलोमीटर धावतो, पण थकवा येतो तो त्या अंतरापेक्षा मधल्या तीस-चाळीस झपाट्यांमुळे, थांबून पुन्हा सुटण्यामुळे. मांड्यांमधली साखर संपत आली की चेंडूकडे धावायची हिंमत शेवटपर्यंत टिकते. आधी बंद होतं ते परत येणं. राइट हाफ, म्हणजे मधल्या फळीतला उजवीकडचा खेळाडू, पुढे गेला की चालत मागे येतो. मग फळ्यांमधलं अंतर ताणतं. जिथे दहा-बारा मीटर होते तिथे वीस-पंचवीस मीटरची मोकळी जागा पडते, आणि समोरचा संघ नेमका तिथे उभा राहून चेंडू मागतो. बॅकने मारलेला चेंडू पूर्वी अर्ध्या मैदानापलीकडे जायचा, तो आता मध्यावरच पडतो आणि परत येतो. शेवटी पाय चेंडूपर्यंत अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि चेंडूऐवजी समोरच्याची नडगी लागते. त्या काळी ऑलिंपिकमध्ये बदली खेळाडू नव्हता. जे अकरा उतरले तेच अकरा शिट्टीपर्यंत.

अनवाणी पायांबद्दल बोलायचंच तर नीट बोलू या. बूट नसलेला पाय चेंडू बोटांनी ओळखतो. तळव्याखाली तो फिरवता येतो, अंगठ्याच्या मुळाशी थांबवता येतो, आणि कोरड्या, कडक, आखूड गवतावर वळायला त्या पायाइतकं चपळ काही नाही. तेव्हाचे बूट घोट्यापर्यंत चढणारे, पुढे कडक टोपी, तळाला खिळ्यांनी ठोकलेले चामड्याचे स्टड. फ्रेंच खेळाडू त्या वजनाने जड वाटले असतील आणि आपली पोरं त्यांच्यामधून सुळसुळत गेली असतील, यात शंका नाही. पण चेंडूही चामड्याचाच होता, आत रबरी ब्लॅडर आणि वर तोंड बांधायची वादी. नियमाप्रमाणे तो कोरडा सुमारे साडेचारशे ग्रॅमपर्यंतचा, पण ओलं गवत अर्धा तास लागलं की पाणी पिऊन फुगायचा आणि जडही व्हायचा. असा चेंडू उघड्या पायाने लांब मारणं म्हणजे प्रत्येक वेळी पायाच्या वरच्या हाडावर घाव घेणं. सुरुवातीला खेळाडू तो सोसतो. उत्तरार्धात नकळत लांब मारणं टाळू लागतो, जवळचा पास देतो, आणि तिथेच चेंडू हिरावला जातो. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. आपला एकुलता गोल अहमद खानचा. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

१९५० च्या विश्वचषकाची गोष्ट मी इथे मुद्दाम लांबवत नाही. बूट नव्हते म्हणून गेलो नाही, ही दंतकथा इतकी गोड झाली आहे की महासंघाने तेव्हाच दिलेली कारणं कुणी वाचत नाही: संघनिवडीवरून मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. यातलं सरावाचं कारण मला आजही जिव्हारी लागतं, कारण ते पुढे पंचाहत्तर वर्षं पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं.

मधल्या काळात, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलवर इराणला १-० असं हरवून आपण सुवर्ण जिंकलं होतं. त्या यशामागे जो प्रशिक्षक उभा होता तो हैदराबादचा एक शिक्षक. सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेबांची हैदराबाद सिटी पोलीस टीम मुंबईकरांना चांगली ठाऊक होती. १९५० ते ५४, सलग पाच वर्षं कूपरेजवरून रोव्हर्स कप तीच घेऊन गेली. त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरवल्या ज्यात ड्रिब्लिंगला बंदी होती: चेंडू आला की लगेच द्यायचा. दुसऱ्या काही स्पर्धांमध्ये फक्त कमजोर पायाने खेळायचं, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्याने. वरवर ही मुलांची गंमत वाटते, पण त्यात थकव्याचा पक्का हिशेब आहे. चेंडू माणसापेक्षा जोरात धावतो आणि दमत नाही. जो संघ एका स्पर्शात चेंडू पुढे देतो त्याचे पाय ऐंशीव्या मिनिटाला शाबूत असतात. आणि ज्याला दोन्ही पाय चालतात त्याला चेंडू सोयीच्या बाजूला घ्यायला अर्धं वर्तुळ फिरावं लागत नाही. एका सामन्यात अशी पन्नास अर्धवर्तुळं वाचली तर त्यांची गोळाबेरीज शेवटच्या वीस मिनिटांत हाती येते.

मेलबर्न, १९५६. हंगेरीने माघार घेतल्याने आपण थेट पुढच्या फेरीत गेलो आणि १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्या सामन्याची ओळ मला मनापासून आवडते: नेव्हिल डिसूझा ९, ३३, ५०, किट्टू ८०. मुंबईत टाटाकडून खेळणाऱ्या या गोवेकराचे ते तीन गोल म्हणजे ऑलिंपिकमध्ये आशियाई खेळाडूने केलेली पहिली हॅटट्रिक. पण मी बोट ठेवतो ते किट्टूच्या ऐंशीवर. नव्वद मिनिटांच्या सामन्यात, परक्या भूमीवर, यजमानांविरुद्ध, पुढे असताना ऐंशीव्या मिनिटाला आणखी एक गोल. कमजोर पायाच्या त्या स्पर्धा इथे फळाला आल्या असं मला वाटतं. तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. हेलसिंकीला दहा गोल चढवणारा तोच देश. मध्यंतराला गोल नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने आपल्याला पुढे नेलं. भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपासून अडतीस मिनिटांवर होता.

मग ५४, ५७, ६५. आणि ७८ ला सलामचा स्वयंगोल.

हे माझ्या वीस मिनिटांच्या मापात बसत नाही, आणि ते बसवायचा हट्टही मी करत नाही. गोल केल्यावर दोन मिनिटांत गोल खाणं हा थकव्यापेक्षा भांबावण्याचा प्रकार असतो. आनंदाने सगळे पुढे सरकतात, जागा सोडून उभे राहतात, आणि समोरच्याने मध्यावरून चेंडू सुरू केला तरी मनं अजून मागच्या गोलमध्येच असतात. म्हणून तर जाणते कर्णधार गोल झाल्यावर सगळ्यांना आधी आपापल्या जागेवर पाठवतात. पण ७८ चा तो स्वयंगोल वेगळा. तेव्हा सामना हातून गेलाच होता, आणि स्वतःच्याच गोलकडे तोंड करून धावणाऱ्या दमलेल्या हाफच्या पायाला चेंडूची दिशा ठरवणं जमत नाही. सलामवर राग धरावा असं त्यात काही नाही. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं. चौथा क्रमांक. आशियातला कुठलाच संघ तोवर तिथे पोचला नव्हता.

रोम, १९६० मध्ये आकडे उलटसुलट बोलतात. हंगेरीविरुद्ध ०-२ ने मागे असताना बलरामने ७९ व्या मिनिटाला एक गोल फेडला, म्हणजे तिथे शेवटची वीस मिनिटं आपली होती. फ्रान्सविरुद्ध पी. के. बॅनर्जींनी ७१ व्या मिनिटाला पुढे नेलं, आणि ८२ ला फ्रान्सने बरोबरी केली. पुन्हा फ्रान्स, पुन्हा सत्तरीच्या आसपास आपला गोल, पुन्हा ऐंशीनंतर त्यांचा. इलफर्डची ओळ बारा वर्षांनी इटलीत जवळजवळ तशीच उतरली होती. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत त्यानंतर दिसलाच नाही.

आणि मग जकार्ता. १९६२ ची आशियाई स्पर्धा सुरू झाली तीच दक्षिण कोरियाकडून ०-२ अशा पराभवाने. पुढे थायलंडला ४-१, जपानला २-० असं हरवलं, पण थायलंडच्या सामन्यात सेंटर-हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणाऱ्या जर्नेलसिंगचं डोकं फुटलं. सहा टाके. जर्नेल म्हणजे संघाची भिंत. आता काय? रहीमसाहेबांनी त्याला बसवलं नाही आणि मागेही ठेवलं नाही. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला, आक्रमणाच्या टोकाला खेळवलं. त्याने गोल केला, आपण ३-२ असे जिंकलो, आणि अंतिम सामन्यातही तो तिथेच राहिला. हा निर्णय शौर्यकथेत नेहमी येतो, पण त्यामागचं तर्कशास्त्र क्वचितच कुणी सांगतं. सेंटर-हाफला प्रत्येक उंच चेंडूवर उडी घ्यावीच लागते. कुठला चेंडू यायचा ते समोरचा ठरवतो, आणि एक उडी चुकली तर गोल. फॉरवर्डला मुभा असते. कुठल्या चेंडूसाठी डोकं पुढे करायचं आणि कुठला सोडायचा, हे तो स्वतः ठरवू शकतो. शिवाय जर्नेलसारखा दणकट माणूस पुढे उभा असला की मागून आलेला लांब चेंडू अंगावर घेऊन तो क्षणभर धरून ठेवतो, आणि त्या क्षणात दहा जणांना श्वास मिळतो.

मागची घडीही तशीच विचाराने बसवलेली. गोलमध्ये नुकताच तापातून उठलेला उंचपुरा पीटर थंगराज. त्याच्यापुढे मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारा चंद्रशेखर, त्रिलोकसिंग, अरुण घोष. मधे प्रशांत सिन्हा आणि फॉर्च्युनातो फ्रँको. पुढे पी. के., चुनी गोस्वामी, जर्नेल, बलराम, युसूफ खान. यातल्या फ्रँकोवर मला थोडं थांबायचं आहे. गोव्यातल्या कोलवाळचा हा माणूस, खेळायचा मुंबईत टाटाकडून, आणि त्या अंतिम सामन्यात मधल्या फळीत त्याचं काम होतं समोरच्याच्या पायातला चेंडू काढून जवळच्या माणसाला देणं. पुढे एवढे जण खेळवायचे म्हणजे मधल्या दोघांवर सगळ्या मैदानाची रुंदी येते. एकाने डावीकडे धाव घेतली की दुसऱ्याने मध्यात सरकायचं, आणि तो परतला की पुन्हा आपल्या बाजूला जायचं. दोघांपैकी एकानेही परत येणं टाळलं तर बॅकसमोर पटांगण पडतं. हे काम टाळ्यांचं नसतं आणि गोलच्या ओळीत त्याचं नाव येत नाही. २०२१ च्या मे महिन्यात फ्रँको गेले. जकार्तात त्यांनी किती चेंडू काढले याचा आकडा कुठे लिहिलेला नाही, तो लिहायला हवा होता असं मला फार वाटतं.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. ४ सप्टेंबरला सेनायनच्या स्टेडियमवर सुमारे लाखभर प्रेक्षक होते आणि त्यातले बहुतेक आपल्याविरुद्ध. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेत न घेतल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी बोलले होते, त्याचा तो राग होता. आपल्या बाजूने ओरडणाऱ्यांत पाकिस्तानचे हॉकी खेळाडू होते. सतराव्या मिनिटाला पी. के., विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग. २-०. इतक्या लवकर पुढे जाणं हे दुधारी शस्त्र असतं. पुढची सत्तर मिनिटं सांभाळायची असतात. म्हणजे आपल्या जुन्या घरगुती सामन्याचा पूर्ण वेळ, तोही कोरियासारख्या न थकणाऱ्या संघापुढे, त्या उकाड्यात, त्या कल्लोळात. कोरियाने गोल केला तो ८५ व्या मिनिटाला. इलफर्डचे ८९, रोमचे ८२, आणि इथे ८५. या वेळी मात्र आपल्याकडे आणखी एक गोल शिल्लक होता. मैदानाबाहेर बसलेल्या रहीमसाहेबांच्या फुप्फुसात कर्करोग होता. जून १९६३ मध्ये ते गेले.

नंतरचा काळ मी भराभर ओलांडतो, कारण त्यात अंगावर रोमांच आणणारं फार नाही. १९६४ च्या आशिया चषकात उपविजेतेपद, १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्य. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर गोव्याने दिला, ब्रुनो कुटिन्हो दिला, पण संघाची पायरी खाली खालीच येत गेली. घरचे सामने यथावकाश नव्वद मिनिटांचे झाले. सत्तरचं कारण संपलं.

आणि तरीही ओळी तशाच येत राहिल्या. १४ जानेवारी २०१९, शारजा, आशिया चषक, बहारीन. बरोबरी झाली असती तर आपण बाद फेरीत गेलो असतो. चौथ्याच मिनिटाला बचावपटू अनस जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा तीनच बदली खेळाडू मिळत, त्यातला एक तिथेच खर्च झाला. उत्तरार्धात संघ स्वतःच्या गोलसमोर दाटीवाटीने उभा राहिला. दिसायला हे सुरक्षित वाटतं, पण चेंडू बाहेर काढला की तो धरून ठेवायला पुढे कोणी उरत नाही, म्हणून तो दहा सेकंदांत परत येतो, आणि दर वेळी परतवणारे पाय आधीपेक्षा जड असतात. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या पहिल्या मिनिटाला आपल्या कर्णधाराचा पाय पेनल्टी क्षेत्रात उशिरा पोचला. पेनल्टी. ०-१. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीने २४ व्या मिनिटाला पुढे नेलं. ओमानचे गोल ८२ आणि ९०. मार्च २०२४, पुन्हा गुवाहाटी, अफगाणिस्तान: आपला ३८, त्यांचे ७० आणि ८८. त्याच जूनमध्ये दोह्यात कतार: छांगतेचा ३७, त्यांचे ७३ आणि ८५. त्यातल्या ७३ च्या वेळी चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला चित्रफितीत दिसतो, त्याची चीड वेगळी. जून २०२५, हाँगकाँग: भरपाई वेळेत पेनल्टी, ०-१.

जगभरच शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल जास्त होतात, हे मला मान्य आहे. आपल्यालाही त्यात दान मिळालं आहे. २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आदिल खानने ८८ व्या मिनिटाला डोक्याने बरोबरी केली, दोघेही गोव्याचे. पण आपल्या ओळींत येणं कमी आणि देणं जास्त आहे. त्याची दोन कारणं मला पक्की वाटतात. एक, आपल्या लीगमध्ये सेंटर फॉरवर्डची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देतात, त्यामुळे जर्नेलने जे काम जकार्तात केलं, म्हणजे पाठ गोलकडे करून चेंडू धरणं आणि मागच्यांना वर यायला वेळ देणं, ते करणारा भारतीय खेळाडू तयारच होत नाही. छेत्री एकटा किती वर्षं ते ओझं ओढणार होता? दुसरं कारण सरावाचं. चुरशीच्या सामन्यांनी जो दम कमावला जातो तो शिबिरात धावून येत नाही. २०२५ मध्ये तर देशातली सर्वांत वरची लीग वेळेवर सुरूच झाली नाही, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये आशिया चषकाच्या पात्रतेसाठी सिंगापूरशी दोन सामने खेळायचे होते. १९५० च्या कागदावरचं ते कारण, सरावाला अपुरा वेळ, तिथे जसंच्या तसं उभं होतं.

९ ऑक्टोबरला सिंगापुरात आपण पिछाडीवर होतो आणि नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी झाली. गोल करणाऱ्याचं नाव रहीम. रहीम अली. पाच दिवसांनी मडगावला, फातोर्ड्यात, छांगतेने १४ व्या मिनिटाला पुढे नेलं. सिंगापूरचे गोल ४४ आणि ५८. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता आणि त्या ओळीत पुढे आपलं एकही नाव नाही.

मी अजून जुन्या ओळी काढून बसतो. इलफर्डच्या ओळीत सत्तर आणि एकोणनव्वद यांच्या मध्ये फक्त एक स्वल्पविराम आहे. जकार्ताच्या ओळीत विसानंतर थेट पंच्याऐंशी येतो आणि पंच्याऐंशीपुढे काहीच नाही. उरलेल्या पाच मिनिटांत टाके घातलेलं डोकं घेऊन जर्नेल पुढे उभा होता, थंगराजच्या अंगात तापाचा अशक्तपणा होता, आणि मधे कोलवाळचा फ्रँको परत आपल्या जागेवर येत होता.